नळाला लगेच गरम पाणी : लेखात न आलेली बाजू

मा. संपादक,

स. न. वि. वि.

जुन्या घरात गरम पाण्याचं फिरतं चक्र, म्हणजे नळीतलं गार झालेलं पाणी पंपाने हीटरकडे परत नेणारी यंत्रणा, बसवण्याविषयी आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. नळ उघडताक्षणी गरम पाणी, हजारो लिटरची बचत, भिंत न फोडता एका दिवसात काम, असा त्याचा एकूण सूर होता. त्यातलं खोटं काही नाही. पण ही यंत्रणा गेलं दीड वर्ष माझ्या घरात आहे, त्यातले पहिले चार महिने ती चुकीची बसलेली होती आणि त्या चुकीचा चटका माझ्या आईच्या पायाला बसला. म्हणून हे पत्र लिहिते आहे. पत्र लांबेल. कापायचं तर कापा, पण चटक्याचा भाग ठेवा एवढी विनंती.

आई ८३ वर्षांची आहे. गुडघे गेलेत, उजव्या हाताची पकड कमी झालीय, तळपायांना बधिरपणा आहे. तरी अंघोळ तिची तिलाच करायची असते आणि जमतंय तोवर तिने ती करावी असं मलाही वाटतं. मी दाराशी उभी राहते, पाठ चोळायला तेवढी आत जाते. स्टुलावर बसायचं, समोरच्या नळाची दांडी वर करायची आणि पाणी गरम होईपर्यंत थांबायचं, हा तिचा वर्षानुवर्षांचा क्रम. वाकून हात धरणं जमत नाही म्हणून ती उजवा पाय पुढे करून धारेखाली धरायची. मधूनमधून आतून आवाज यायचा, "आलं का गं?" जणू मला बाहेरून दिसणार होतं. मी म्हणायची, "येईल आत्ता." थंडीत उघड्या अंगाने असं दोन मिनिटं बसून राहणं म्हणजे काय, ते तिच्या दंडावर उभ्या राहिलेल्या काट्यावरून कळायचं.

कारण साधं होतं. हीटर खालच्या मजल्यावर मागच्या कोपऱ्यात आणि आईची बाथरूम वरच्या मजल्यावर पुढच्या अंगाला. घर बांधताना याचा विचार कुणी केला नव्हता. मी ३१ वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, त्यामुळे मोजून पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. नळी जिथून जाते तिथून टेप धरत गेले, तर २२ मीटर भरली. नळीचा आतला व्यास २० मिलिमीटर. म्हणजे दर मीटरला ३१४ मिलिलिटर आणि अख्ख्या नळीत जवळपास ७ लिटर पाणी. ते बाहेर पडल्याशिवाय हीटरमधलं पाणी आईपर्यंत पोचणार कसं?

मग खुणा केलेली बादली आणि थर्मामीटर घेऊन बसले. धार ४० अंशांना पोचेपर्यंत ११ लिटर पाणी गेलं, १ मिनिट ५० सेकंद लागले. सातऐवजी अकरा का, हा प्रश्न मलाही पडला होता. गरम पाणी पुढे सरकताना वाटेतली गार नळी आधी तापवत जातं आणि पुढच्या गार पाण्यात थोडं मिसळतही राहतं. त्यामुळे कागदावरच्या हिशेबापेक्षा प्रत्यक्षात नेहमी जास्तच पाणी वाया जातं. दोन वापरांमध्ये अर्धा-पाऊण तास गेला की नळी पुन्हा गार, म्हणजे दिवसातून पाच वेळा तरी हे व्हायचं. रोजचे ५५ लिटर, वर्षाचे २०,००० लिटर. पिण्याजोगं पाणी, सरळ गटारात. काही महिने आम्ही ते बादलीत धरून फरशी पुसायला आणि झाडांना वापरलं. पण ११ लिटरची बादली रोज पाच वेळा कुणीतरी उचलायला हवी, आणि मीही आता साठीच्या पुढची आहे.

तेव्हा लेखकाचा मूळ मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. नळीतलं गार पाणी गटारात सोडण्याऐवजी एक छोटा पंप ते हीटरकडे परत ढकलतो आणि त्याच्या जागी गरम पाणी आणून ठेवतो, ही कल्पना चांगलीच आहे. माझं म्हणणं ती जुन्या घरात कशी बसवायची आणि कशी चालवायची याबद्दल आहे. लेखात नेमकं तेच दोन ओळींत उरकलंय.

परतीच्या पाण्याला वाट दोन तऱ्हांनी देता येते. एक म्हणजे सगळ्यात लांबच्या नळापासून हीटरपर्यंत स्वतंत्र परतीची नळी टाकायची. दुसरी तऱ्हा म्हणजे नवी नळी टाकायचीच नाही, बेसिनखाली गरम आणि थंड या दोन नळ्यांना जोडणारा एक व्हॉल्व्ह बसवायचा आणि थंड पाण्याच्या नळीतूनच पाणी उलटं हीटरकडे न्यायचं. व्हॉल्व्हमध्ये उष्णतेने फुगणारा मेणाचा घटक असतो. ठरावीक तापमानाचं पाणी पोचलं की तो व्हॉल्व्ह बंद करतो. लेखात याच दुसऱ्या तऱ्हेची भलामण आहे, आणि आम्हीही आधी तीच निवडली. भिंतीला झिऱ्या मारायच्या नाहीत, टाइल्स फोडायच्या नाहीत, सकाळी सुरू केलेलं काम जेवणाच्या आत आटोपलं. हीटरच्या तोंडाशी २५ वॅटचा पंप, आईच्या बेसिनखाली दोन अँगल कॉकच्या मध्ये तो व्हॉल्व्ह, बस्स. त्या दिवशी आईने नळ उघडला आणि ती म्हणाली, "अगं, आलंसुद्धा!" तिचा तो आवाज ऐकून मला इतकं समाधान वाटलं की पुढचे काही दिवस मी बाकी काही तपासलंच नाही.

आधी लक्षात आलं ते थंड पाणी. बेसिनची थंडची तोटी उघडली की पहिल्यांदा कोमट, कधीकधी चक्क गरम पाणी यायचं. अर्थात यायचंच, कारण थंडची नळी आता परतीचीही नळी झाली होती. गार पाण्याने चूळ भरायची तर आधी दीड-दोन लिटर सोडून द्यायचं. गरम पाण्याची वाट बघणं संपलं, तर थंड पाण्याची वाट बघणं सुरू झालं. बसवणाऱ्याने आम्हाला खूश करायला व्हॉल्व्हचा स्क्रू पार शेवटपर्यंत फिरवून ठेवला होता. "ताई, एकदम कडक पाणी येईल," असं तो म्हणालाही होता. त्यामुळे व्हॉल्व्ह फार उशिरा बंद व्हायचा आणि तोवर बरंच तापलेलं पाणी थंडच्या नळीत शिरलेलं असायचं.

दुसरी गोष्ट रात्री कळली. झोप लागत नव्हती म्हणून खाली आले, तर हीटरचा दिवा लागला. दहा मिनिटांनी विझला. अर्ध्या तासाने पुन्हा लागला. घरात सगळे झोपलेले, एकही नळ उघडा नाही, आणि हीटर पाणी तापवतोय. पंपाला टायमर होता, पण तो लावूनच दिलेला नव्हता. २२ मीटर उघडी नळी दिवसरात्र गरम ठेवली जात होती. अशा उघड्या नळीतून दर मीटरला सुमारे २० वॅट उष्णता निघून जाते. एक मीटर म्हणजे काहीच नाही, पण २२ मीटर आणि २४ तास धरा. हीटरला वेगळा मीटर लावून आठवडाभर आकडे उतरवले, तर पूर्वीपेक्षा रोज ११ युनिट जास्त. त्यात पंपाचे स्वतःचे जेमतेम ०.६. बाकी सगळे नळ्यांवाटे भिंतींत जात होते.

लेखात म्हटलंय की या यंत्रणेने पाण्याबरोबर वीजही वाचते. मी उलट बाजूने हिशेब मांडते. पूर्वी प्रत्येक वापरानंतर नळीत अडकून गार होणारं पाणी म्हणजे ७ लिटर. ते ६० अंशांवरून २५ वर आलं तर साधारण ०.२८ युनिट उष्णता गेली. पाच वेळचे मिळून दीड युनिटाच्या आत. म्हणजे दीड युनिटाचं नुकसान थांबवायला जाऊन आम्ही ११ युनिट घालवत होतो. आणि खरं तर ते दीड युनिटही पुरतं थांबत नाही, कारण पंप बंद झाला की नळीतलं पाणी गार होतंच. पंप वाचवतो ते पाणी, आणि थांबण्याचा वेळ. वीज वाचते ती नळीला आच्छादन केल्याने. दिवसरात्र फिरत्या पंपाने ती वाचल्याचं सांगणं वाचकांची दिशाभूल करणारं आहे.

आता चटक्याविषयी.

इतकी वर्षं आईच्या नळाला पहिली दोन मिनिटं गार पाणी यायचं. ते तिला नको असायचं, पण त्यात एक संरक्षण होतं हे कुणाच्याच लक्षात आलं नाही. गार, मग कोमट, मग गरम, असं पाणी पायरीपायरीने वर चढायचं आणि तिला सावध व्हायला वेळ मिळायचा. पंप बसल्यावर ती पायरी गेली. तिला हे डोक्याने माहीत होतं. "आलंसुद्धा" म्हणणारी तीच. पण सवय अंगात असते. एका सकाळी तिने दांडी पूर्ण गरमकडे वळवून वर केली आणि नेहमीसारखा पाय पुढे धरला. त्याच वेळी ती माझ्याशी काहीतरी बोलत होती. तळपाय बधिर, त्यामुळे पोळतंय हे उशिरा कळलं. तिची किंकाळी ऐकून मी आत गेले तेव्हा तिने पाय मागे घेतला होता, पण पावलाची वरची कातडी लालभडक झाली होती.

भाजल्यावर पहिल्यांदा काय करायचं ते मी मुलांना शिकवत आलेय : गार, वाहतं पाणी, वीस मिनिटं. मी बेसिनची थंडची तोटी उघडली आणि तिच्यातून गरम पाणी आलं. तो क्षण मी विसरणार नाही. खाली पळत जाऊन पिण्याच्या पाण्याचं भांडं उचलून आणलं, ते पायावर ओतत राहिले, तोवर वरच्या तोटीला गार पाणी आलं. दोन फोड आले, ते भरून यायला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत आईला अंघोळ मी घातली, आणि पुढे बरेच दिवस ती नळाला हातच लावेना. फोडांपेक्षा मला याचं जास्त वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी नळ उघडल्याबरोबर थर्मामीटर धरला : ५४ अंश. १९४७ साली मोरिट्झ आणि हेनरिक्स या संशोधकांनी किती तापमानाला किती वेळात त्वचा भाजते याचा अभ्यास प्रसिद्ध केला. आजही त्याचाच आधार घेतला जातो. ४९ अंशांच्या पाण्याने खोल भाजायला काही मिनिटं लागतात, ५४-५५ अंशांना सुमारे अर्धं मिनिट, आणि ६० अंशांना साधारण पाच सेकंद. हे आकडे धडधाकट मोठ्या माणसाचे. म्हाताऱ्या माणसांची आणि लहान मुलांची कातडी पातळ असते, त्यांना याहून कमी वेळ पुरतो.

मग हीटरच कमी तापमानावर ठेवावा, असं कुणीही म्हणेल. मीही तो आधी ४५ वर आणून ठेवला होता. डॉक्टरांशी बोलल्यावर पुन्हा वर नेला. साठवणीच्या कोमट पाण्यात लिजिओनेला नावाचे जिवाणू वाढतात, साधारण २० ते ४५ अंश ही त्यांची आवडती पट्टी. अशा पाण्याचे बारीक तुषार श्वासावाटे आत गेले तर एक प्रकारचा न्यूमोनिया होऊ शकतो, आणि त्याचा धोका वयस्कर माणसांना सगळ्यात जास्त. जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शन असं, की साठवणीचं पाणी ६० अंशांवर असावं आणि फिरत्या चक्रात ते कुठेही ५० च्या खाली जाऊ नये. म्हणजे पाणी साठवायचं ते कढत, आणि अंगावर येण्याच्या अगदी आधी गार पाण्यात मिसळून घ्यायचं. यासाठी तापमान धरून ठेवणारा मिक्सिंग व्हॉल्व्ह मिळतो. तो साध्या मिक्सरसारखा नसतो. आत तापमान ओळखणारा घटक असतो; गरम-थंडचं प्रमाण तो आपोआप सांभाळतो, आणि थंड पाणी अचानक बंद पडलं तर गरमही रोखतो. साध्या मिक्सरमध्ये थंड बंद पडलं की उरतं ते निव्वळ कढत पाणी. आईच्या बाथरूममध्ये हा व्हॉल्व्ह ४१ अंशांवर लावला आहे आणि मी महिन्यातून एकदा थर्मामीटरने तपासते. परतीची नळी मात्र या व्हॉल्व्हच्या अलीकडून, कढत पाण्याच्या बाजूने घ्यावी लागते.

ज्या घरात फिरता पंप बसणार आणि म्हातारं माणूस, लहान मूल किंवा बधिर हातापायांचं कुणीही राहणार, तिथे हा मिक्सिंग व्हॉल्व्ह पंप बसवण्याच्या आधी बसला पाहिजे. पंपाबरोबर नव्हे, आधी. आपल्या लेखात त्याचा उल्लेखही नाही.

चार महिन्यांनी आम्ही सगळं नव्याने केलं, दुसऱ्या प्लंबरकडून. हे गृहस्थ कमी बोलणारे. आल्या आल्या त्यांनी सगळ्या नळ्यांवरून हात फिरवला, बेसिनखालचा व्हॉल्व्ह बघितला आणि म्हणाले, "ताई, हा काढू. परतीची वेगळी लाइन टाकू." भिंत फोडावी लागणार म्हणून मी धसकलेच होते. पण परतीची नळी जाड असायचं कारण नाही, कारण तिच्यातून मिनिटाला तीन-चार लिटरच पाणी जायचं असतं. आतला व्यास १२ मिलिमीटर पुरला. बाथरूममागच्या डक्टमधून ती खाली उतरवली, खालच्या पॅसेजमध्ये छताच्या कडेने नेली आणि त्यावर लाकडी पट्टी मारली. भिंतीला दोन भोकं, एकही टाइल फुटली नाही. भिंत न फोडता काम होतं म्हणून थंडच्या नळीचा पर्याय घ्या, असं लेखात आहे. त्याआधी घराभोवती एकदा फिरून डक्ट, जिन्याखालची जागा, माळा, जुन्या बंद पडलेल्या नळ्यांच्या वाटा बघाव्यात. परतीला वाट बऱ्याच वेळा निघते. अगदीच निघत नसेल तर थंडच्या नळीचा मार्ग आहेच, पण मग त्या व्हॉल्व्हचा स्क्रू खालच्या टोकाला ठेवायचा आणि टायमर पहिल्याच दिवशी लावून घ्यायचा.

पंप त्यांनी बटणावर घेतला. बाथरूमच्या दाराबाहेर, आईच्या हाताला येईल अशा उंचीवर, घंटेसारखं एक बटण आहे. दाबलं की पंप सुरू होतो, आणि बाथरूमपाशी परतीच्या नळीला बांधलेल्या संवेदकाला गरम पाणी पोचल्याचं कळलं की आपोआप थांबतो. अडीच-तीन मिनिटं. वेळ पूर्वीपेक्षा कमी नाही, थोडा जास्तच लागतो. पण आता ती वेळ आई आपल्या खोलीत, कोरड्या अंगाने, कपडे बाजूला काढण्यात घालवते. नळ उघडला की जेमतेम अर्धा-पाऊण लिटर गार पाणी येतं, ते मुख्य नळीपासून तोटीपर्यंतच्या तुकड्यातलं. पंप दिवसाकाठी सगळा मिळून पंधरा मिनिटंही चालत नाही, आणि हीटरच्या मीटरचा रोजचा आकडा पंप येण्याआधी जिथे होता त्याच्याही किंचित खाली आला आहे.

खाली आला तो आच्छादनामुळे. जिथे जिथे नळीला हात पोचत होता, तिथे तिथे फोमची नळकांडी चढवली. २२ पैकी १४ मीटर झाली. हे काम मी आणि माझ्या मुलाने एका दुपारी कात्री आणि टेप घेऊन केलं. कोपऱ्यांना तिरकं कापून तोंडाला तोंड नीट भिडवावं लागतं, फट राहिली की तिथून उष्णता जाते. पूर्वी अर्ध्या तासात नळीतलं पाणी ४० च्या खाली यायचं, आता तास-सव्वा तास टिकतं. एकाची अंघोळ झाल्यावर दुसऱ्याला बटण दाबावंच लागत नाही. मला कुणी विचारलं की यातली एकच गोष्ट करायची झाली तर कुठली, तर मी पंप नाही सांगणार, आच्छादन सांगेन.

या दुसऱ्या कामातही एक चूक झाली, आणि ती मी मुद्दाम सांगते, कारण आपल्या लेखातल्या चित्रात तीच चूक आहे. परतीच्या नळीवर पाणी एकाच दिशेला जाऊ देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लागतो. तो नसेल तर गरमचा नळ उघडल्यावर परतीच्या नळीतून हीटरच्या तळाकडचं गार पाणी उलटं वर चढतं आणि गरम पाण्यात मिसळतं. काम संपल्यावर बटण दाबलं, पंपाची बारीक घरघर सुरू झाली, आणि दहा मिनिटं झाली तरी थांबेना. मी परतीच्या नळीला हात लावला तर ती बर्फासारखी गार. पंपाचं अंग मात्र तापलेलं. खुर्चीवर चढून टॉर्च मारला. पितळी व्हॉल्व्हच्या अंगावर ओतीव बाण असतो, रंग नसल्यामुळे पटकन दिसत नाही. बोट फिरवलं तर लागतो. तो बाण बाथरूमकडे होता. पंप हीटरकडे ढकलत होता आणि व्हॉल्व्ह तेच अडवून बसला होता. फोन केल्यावर ते गृहस्थ संध्याकाळीच आले, काही न बोलता युनियनचा जोड खोलून व्हॉल्व्ह फिरवला, नवीन टेफ्लॉन टेप गुंडाळून आवळला आणि नळी गरम लागेपर्यंत हात लावून उभे राहिले. चूक झाली तर अशी निस्तरावी. त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे.

बाकी थोडक्यात. पंपाचं शरीर ब्राँझचं किंवा स्टेनलेस स्टीलचं हवं; बिडाचा पंप घर तापवण्याच्या बंद चक्रात चालतो, पण सतत ताजं, प्राणवायू मिसळलेलं पाणी येत असलेल्या चक्रात तो गंजतो. पंप मोठा घेऊ नये, तांब्याच्या नळ्यांची वळणं जोराच्या प्रवाहाने आतून झिजतात. टाकी रिकामी असताना तो चालू राहता कामा नये. हीटर आणि त्याचा सुरक्षा व्हॉल्व्ह यांच्यामध्ये कुणी कसलीही तोटी बसवत असेल तर त्याला तिथेच थांबवा. आणि ज्यांच्याकडे साठवण नसलेला, पाणी वाहताना तापवणारा हीटर आहे, त्यांनी पंप घेण्याआधी त्या हीटरच्या पुस्तिकेत असं चक्र चालतं का ते बघावं. पंपाचा संथ प्रवाह पुष्कळदा असा हीटर पेटायला पुरत नाही.

आणखी एक. लांब पडलेली बाथरूम एकच असेल आणि तिथे पाणीही थोडंच लागत असेल, तर सगळ्या घरभर चक्र फिरवण्यापेक्षा तिथेच एक छोटा हीटर लावणं जास्त शहाणपणाचं. आमच्याकडे त्या वायरिंगची सोय नव्हती म्हणून आम्ही चक्राकडे वळलो. लेखात हा पर्याय आला असता तर काही वाचकांचं सगळंच काम वाचलं असतं.

आई आता पुन्हा स्वतः अंघोळ करते. बटण दाबायचं काम तिने दुसऱ्या कुणालाही दिलेलं नाही. पाय पुढे धरायची सवय अजून गेलेली नाही, पण आता त्या पायावर ४१ अंशांचं पाणी पडतं.

माझी आपल्याला एक विनंती आहे. लेखासोबत छापलेल्या आकृतीत परतीच्या नळीवरच्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हचा बाण बाथरूमकडे दाखवला आहे. तो हीटरकडे हवा. पुष्कळ वाचक ते चित्र कापून ठेवतील आणि प्लंबरपुढे धरतील. कृपया आकृती दुरुस्त करून पुन्हा छापावी, आणि तिच्यात अंघोळीच्या नळापाशी तो मिक्सिंग व्हॉल्व्हही दाखवावा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका